ग्रीस नव्हे, तेल

आषाढातल्या एका सोमवारी पाळी सुटल्यावर मी आप्पांच्या जुन्या हेराल्ड गाडीचे पुढच्या चाकांचे दोन उभे दांडे पोत्यात गुंडाळून बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात नेले. मॅन्युअलमध्ये त्यांना व्हर्टिकल लिंक म्हणतात. साहेबांची परवानगी आधीच घेतली होती. कारखान्यात माझं काम तडे शोधायचं आहे. क्रँकशाफ्ट, गिअर, हायड्रॉलिकचे रॉड, जे काही मशीनवरून उतरेल ते पाठवण्याआधी माझ्या खोलीतून जातं. खोलीला काळे पडदे. नग चुंबकीत करायचा, त्यावर चमकणाऱ्या लोहकणांचं पातळ द्रावण सोडायचं आणि जांभळ्या दिव्याखाली हळूहळू फिरवायचा. नग धड असला तर काळानिळा दिसतो. तडा असला तर कण तिथे गोळा होतात आणि पोपटी रेघ उमटते.

उजवा दांडा स्वच्छ निघाला. डाव्याला खालच्या टोकाशी जे आटे आहेत, त्यातल्या सगळ्यात वरच्या आट्यात रेघ आली. आट्यांच्या मुळाशी कण तसेही थोडे अडकतात, म्हणून मी लगेच काही ठरवलं नाही. पुसला, केरोसीननं धुतला, पुन्हा कॉइलमध्ये धरला. दांड्याला आडवा गेलेला तडा दिसायचा तर चुंबकत्व लांबीच्या दिशेनं लागतं, ते कॉइलनंच मिळतं. पुन्हा तिथेच रेघ. तिसऱ्यांदा केलं. पाव घेरापर्यंत गेलेला तडा होता.

याच दांड्यावर आम्ही चोर्ला घाटातून गोव्याला जायचो. मागच्या सीटवर मी आणि धाकटा भाऊ, पुढे आई, तिच्या पायाशी जेवणाचा डबा.

हे सगळं सुरू झालं ते उन्हाळ्यात. बंगळूरकडच्या जुन्या गाड्या बाळगणाऱ्या ओळखीच्या मंडळींनी दसऱ्यानंतरचा एक दिवस कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर घ्यायचं ठरवलं. चेट्टिपाळयमला हा ट्रॅक आहे, २.१ किलोमीटरचा, २००३ पासून चालू. फॉर्म्युला मारुती या एकाच माणसाच्या शर्यतीच्या गाड्या ज्यांनी बांधल्या, त्या एस. करीवर्धन यांचं नाव त्याला दिलंय. ते १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. शर्यत नाही, वेळ मोजायची नाही, आपापल्या गाड्या मोकळ्या रस्त्यावर चालवायच्या. मी त्याच रात्री होकार कळवला. सकाळी आप्पांना सांगितलं.

आप्पा म्हणाले, "गाडी १९६४ ची हाय, बाय."

मी म्हटलं, "म्हणूनच तुम्ही पाहिजेत."

आप्पांनी ही गाडी १९८७ मध्ये निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याकडून घेतली. म्हैसूर राज्याच्या काळातली, नंबर अजून एमवायनं सुरू होणारा. दोन दरवाजांची स्टँडर्ड हेराल्ड, मूळ इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची, मद्रासला बनलेली. इंजिन ९४८ सीसी, एकच सोलेक्स कार्बोरेटर, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आत. कुणी विचारतं, हिला स्पोर्ट्स कार कसं म्हणायचं? मी उलट विचारते, ट्रायम्फच्या त्या दोन सीटच्या, उघड्या टपाच्या स्पिटफायरला म्हणता की नाही? ट्रायम्फनं १९६२ साली स्पिटफायर काढली ती हेराल्डच्याच पायावर. पुढचं सस्पेन्शन तेच, मागचं तेच, दोन्हींचं रूप जोवान्नी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरच्या हातचं. १९६५ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत दोन स्पिटफायर तेराव्या आणि चौदाव्या आल्या आणि आपल्या गटात पहिल्या दोन जागा त्यांनी घेतल्या. आमच्या गाडीची हाडं त्याच घराण्यातली आहेत. पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते, स्टिअरिंग रॅक अँड पिनियनचं. आणि बॉनेट पुढच्या बाजूला पूर्ण उलथतं, मडगार्डांसकट. त्यामुळे टायरवर बसून इंजिनचं काम करता येतं. हे सुख कुठल्याच नव्या गाडीत नाही.

आता त्या तड्याचं कारण सांगते, कारण हेराल्ड, तिचीच पुढची भारतीय बहीण गझेल, स्पिटफायर, यांतली कुठलीही गाडी ज्याच्याकडे आहे त्यानं हे वाचायलाच पाहिजे.

या गाड्यांत चाक वळतं ते दोन टोकांवर. वरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. खालच्या टोकाला उभ्या दांड्याचे आटे एका पितळी कपात फिरतात. तो कप म्हणजे ट्रनियन. एका बाजूला उजवे आटे, दुसऱ्या बाजूला डावे, म्हणून दोन्हीकडचे कप एकमेकांत बदलून चालत नाहीत. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या कपात स्क्रूसारखा किंचित वरखाली होतो, आणि गाडीच्या पुढच्या भागाचं वजनही तिथूनच जातं. त्या कपात तेल हवं, जाड गिअर ऑइल, नव्वद नंबरचं. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. पण तिथे निपल बसवता येतो, आणि निपल दिसला की आपल्याकडे प्रत्येक मेस्त्रीचा हात ग्रीस गनकडे जातो. ग्रीस आट्यांत नीट उतरत नाही, सुकतं, घट्ट होतं आणि नव्या ग्रीसचीही वाट अडवतं. मग पावसाचं पाणी आत शिरतं. पितळ तग धरतं, पोलाद गंजतं. गंजलेल्या आट्यात तडा सुरू होतो, आणि एक दिवस वळणावर दांडा तिथेच तुटून चाक आडवं पडतं.

दांडा घरी आणून मी ओट्यावर ठेवला. तड्यावर खडूनं खूण केली होती. आप्पांनी चष्मा लावून बघितलं. तड्याऐवजी त्यांची नजर आट्यांत अडकलेल्या त्या तपकिरी, साबणासारख्या घट्ट थरावर गेली. नखानं थोडा खरवडला.

"दर अवसेला ग्रीस मारलोय की मी," ते म्हणाले. "एक अवस चुकवलो नाही."

खरंच चुकवली नव्हती. आमच्याकडे अमावस्या म्हणजे गाडीचा दिवस. सकाळी धुवायची, लिंबू-मिरची बदलायची, मग आप्पा गोणपाट अंथरून खाली शिरायचे आणि मी बाहेरून ग्रीस गन द्यायची. ती गन मीच भरलेली असायची. तीस-पस्तीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून ते केलं, आणि मनापासून केलं. मी आप्पांना एवढंच म्हटलं की मॅन्युअलचं ते पान मीही गेल्या वर्षापर्यंत वाचलं नव्हतं. ते उठले, गुडघे धरत परसात गेले आणि फडताळातून जुना तेलाचा डबा घेऊन आले. नोझलला जाळी लागलेली. ती त्यांनी काडीनं साफ केली.

डावा दांडा बदलायचाच होता, तेव्हा दोन्हीकडे स्पिटफायरचे घ्यायचे ठरवले, डिस्क ब्रेकसकट. स्पिटफायरला पुढे डिस्क सुरुवातीपासून होत्या आणि आख्खा जोड हेराल्डवर बसतो. ड्रम गरम झाला की पसरतो, लायनरपासून लांब जातो, आणि लायनरही तापला की धरत नाही. चोर्ला उतरताना गिअरमध्ये उतरलं तर ड्रम पुरतात. ट्रॅकवर मात्र दर मिनिटाला दोनतीनदा जोरात ब्रेक लागणार, मध्ये थंड व्हायला वेळ नाही. बंगळूरच्या एका हेराल्डवाल्यांकडे जुना जोड मिळाला. तो बसवण्याआधी त्याच जांभळ्या दिव्याखाली धरला. सगळे नग स्वच्छ. मग डिमॅग्नेटाइज करून, धुवून, नवे ट्रनियन लावले. मास्टर सिलिंडरही बदलावा लागला, कारण डिस्कच्या पिस्टनला ड्रमपेक्षा जास्त तेल सरकवावं लागतं. ब्रेक ऑइल सगळं काढून डॉट ४ भरलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि बेळगावच्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय दुसरं असतं काय? नवं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपास उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफ, आणि पाय थेट तळाला. गाडी किती पळते याची चिंता मी या सहा महिन्यांत एकदाही केली नाही. थांबेल का, आणि चाक जागेवर राहील का, एवढंच.

इंजिनचा ताबा आप्पांनी घेतला. त्यांची उभी हयात क्रँक ग्राइंडिंगमध्ये गेली. श्रावणात पाऊस थोडा ओसरल्यावर त्यांनी खुर्ची शेडमध्ये मांडली आणि मला म्हणाले, "क्लच दाब आणि पुली बघ."

ट्रायम्फच्या या इंजिनांची दुखरी जागा तीच. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलली जाते. तिला अडवायला मागच्या मेन बेअरिंगपाशी दोन अर्धचंद्री वॉशर असतात. ते झिजले की क्रँक पुढेमागे खेळते, फार झिजले की वॉशर निसटून खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये पडतात, आणि मग क्रँक थेट ब्लॉकला घासते. ब्लॉक गेला म्हणजे इंजिन गेलं. डायल गेज लावलं. चार ते आठ थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, हवेत, आमच्याकडे चौदा आले. पुली डोळ्यांना हलताना दिसत होती. आप्पा खुर्चीतून वाकून बघत होते, आणि त्यांना इतकं खुश मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. आजार ओळखीचा निघाला होता.

हे काम इंजिन न उतरवता होतं. चेंबर काढायचं, मागच्या मेन बेअरिंगची कॅप सोडायची, जुने वॉशर काडीनं सरकवून बाहेर आणि जाड मापाचे आत. आप्पांनी तीनदा बजावलं, "खाचा क्रँककडं. खाचा क्रँककडं करून घाल." वॉशरला एका बाजूला तेलासाठी खाचा असतात, ती बाजू क्रँकला लागली पाहिजे. उलटी बसली तर नवे वॉशरही बघता बघता संपतात. मी घातले, त्यांनी टॉर्च मारून बघितलं, मग मला पुन्हा काढायला लावले, बोटानं तेल फासलं आणि पुन्हा घालायला लावले. कॅप आवळून गेज लावलं. सहा थाऊ.

बाकी इंजिनला हात लावला नाही. वीस-पन्नासचं तेल, नवा फिल्टर, ऑइल प्रेशरचा वेगळा काटा. वळणात तेल एका बाजूला सरकतं, काटा पडला तर मला दिसला पाहिजे. कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, एक पायरी मोठा घेऊन ठेवलाय. बेळगाव साडेसातशे मीटरवर, कोइम्बतूर चारशेच्या आसपास. खाली हवा दाट, तेवढ्याच पेट्रोलला हवा जास्त मिळते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. फरक थोडाच आहे. तिथे प्लगचा रंग बघून ठरवेन.

मला खरी भीती होती मागच्या चाकांची. हेराल्डला मागे आडवी एकच कमान आहे, पाट्यांची, या चाकापासून त्या चाकापर्यंत. चाकांचे आडवे दांडे, म्हणजे ॲक्सल, फक्त मधल्या डिफरन्शियलपाशी हलतात, म्हणून चाक वरखाली होताना कलतं. वळणात आहात, वेगात आहात, आणि घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, तर गाडीचा मागचा भाग वर उठतो, बाहेरचं चाक आत दुमडतं, टायर कडेवर उभा राहतो आणि शेपूट सुटतं. ट्रायम्फनंच पुढे १९७० च्या स्पिटफायरमध्ये ही कमान बदलली. आपल्याकडे मूळचीच आहे, तेव्हा तिलाच वळण लावायचं.

हायवेच्या कडेला ट्रकचे पाटे घडवणारे एक मेस्त्री आहेत, कन्नड बोलणारे, सत्तरीतले. मी कमान घेऊन गेले तेव्हा त्यांनी ती उचलली, तोलली आणि हसले. ट्रकच्या एका पाट्याएवढीच ती सगळी मिळून होती. मी सांगितलं, बाक कमी पाहिजे, चाकं वरून किंचित आत झुकलेली पाहिजेत. "नोड्री अक्का," बघा ताई, म्हणत त्यांनी शेडच्या जमिनीवर खडूनं जुना बाक काढला, शेजारी नवा काढला. मी म्हटलं, अजून थोडा. त्यांनी बोटभर खाली तिसरी रेघ काढली. "साकु?" पुरे का? "साकु." त्यांनी एकेक पाटा ठोकून त्या रेघेवर आणला, मध्ये मध्ये खडूच्या रेघेवर ठेवून बघत. बसवल्यावर गाडी मागून बसकी दिसायला लागली आणि दोन्ही चाकं साधारण एक अंश आत झुकली. मापाचा कागद मी घडी करून गाडीच्या मॅन्युअलमध्ये ठेवलाय.

पण कमान बदलली तरी पायाची सवय बदलायला हवी, ती कुठल्या मेस्त्रीकडे मिळत नाही. वडगावच्या पलीकडे ओळखीच्यांचा एक माळ आहे. भाद्रपदात ऊन पडल्यावर, जमीन कडक झाल्यावर, चार रविवार तिथे गेले. भाजीच्या रिकाम्या क्रेट मांडून गोल केला. तीस-पस्तीसच्या वेगानं त्या गोलात फिरायचं आणि पाय स्थिर ठेवायचा. पहिल्या रविवारी मी मुद्दाम एकदा पाय उचलला, म्हणजे काय होतं ते अंगाला कळावं. मागचा भाग कुणीतरी खालून उचलल्यासारखा वर आला आणि गाडी आत वळली, दोन क्रेट घेऊन. वेग कमी होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. त्यानंतर ब्रेक लावायचा तो वळणाच्या आधी, सरळ रेषेत, आणि वळणात पाय हलवायचा नाही, एवढंच घोकत राहिले. चौथ्या रविवारी आप्पा शेजारी बसले. पूर्ण वेळ त्यांचा हात डॅशबोर्डवर होता, पण एकदाही "सावकाश" म्हणाले नाहीत.

बाकीची यादी लांब आहे, पटकन सांगते. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे नवे, क्लिपांसकट. बॅटरी पट्टीनं आवळली. पुढे-मागे ओढायचे हुक चॅसीला बोल्ट केले, पत्र्याला नाही. टायर १३ इंची, १५५ रुंदीचे, नवे. टायर घेताना कडेचे चार आकडे मी दुकानातच वाचते, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. दुकानदारानं आधी दाखवलेला जोड सहा वर्षांचा होता, तो परत ठेवायला लावला. सीटचे पट्टे या गाडीला मूळचे नव्हतेच. तीन टोकांचे बसवले, पत्र्याच्या मागे तीन मिलिमीटरच्या प्लेटा देऊन, आणि खालची टोकं शक्य तिथे चॅसीपर्यंत नेऊन. हेराल्डची बॉडी तुकड्यांनी बोल्ट केलेली असते. पट्टा पत्र्याला आणि पत्रा गंजलेल्या बोल्टला, असं चालणार नाही. म्हणून बॉडीचे सगळे बोल्टही एकेक करून बघितले. अकरा बदलले.

खंडेनवमीला कारखान्यात मशिनं धुऊन पुसून झेंडूची माळ घातली, माझ्या खोलीतल्या कॉइललाही. घरी आल्यावर गाडीची पूजा. आईनं कोहळा फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली, आणि मी हेराल्ड त्यावरून हातभर पुढे घेतली. पितळी ट्रनियनलाही कुंकवाचं बोट लागलं. ते आप्पांनी वाकून स्वतः लावलं.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झालं आणि टेम्पो आला. साडेआठशेच्या आसपास किलोमीटर आहेत, हुबळी, दावणगेरे, बंगळूर करत. गाडी चालवत न्यायचा मोह आम्हा दोघांनाही होता. पण तिथे चालवायची तर थकलेली नको, म्हणून टेम्पो. फळ्या टाकून गाडी वर चढवली, चाकं दोरांनी बांधली. सीटमागे हेल्मेट, मॅन्युअल, जेट, प्लग, डायल गेज, आणि बंगळूरच्या मंडळींसाठी दोन किलो कुंदा.

फळ्या उचलल्यावर आप्पांनी टॉर्च मागितला. गाडी जिथे उभी होती तिथे फरशीवर रुपयाएवढा एक काळसर डाग होता, डाव्या पुढच्या चाकाच्या जागी. त्यांनी बोट लावलं, वास घेतला, आणि माझ्यासमोर धरलं. गिअर ऑइलचा तो गंधकासारखा उग्र वास.

"तेल हाय आत," ते म्हणाले.

मी टेम्पोत चढून ट्रनियनची खालची बाजू फडक्यानं पुसली, ट्रॅकवरच्या तपासणीला तेल टपकताना दिसायला नको म्हणून, आणि चाकाखाली पुठ्ठा सरकवला. आप्पा तोवर ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले होते, तेलाचा डबा मांडीवर घेऊन.